माझा डावा कान

मी तीस वर्षं नट आहे आणि तीस वर्षांत मला एकही वाक्य पाठ झालेलं नाही.

हे ऐकून मुंबई-पुण्याची माणसं दचकतात. आमच्या गोव्यातल्या पेडण्याकडे कुणी दचकत नाही. हळर्णला आमच्या वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, जत्रेचं नाटक होणार म्हणजे होणारच, आणि प्रत्येक घरातला एक तरी माणूस तोंडाला रंग लावणारच. दिवसा कुणी शेतात, कुणी काजूच्या बागेत, मी कचेरीत फायलींच्या ढिगाऱ्यात. पाठांतराला वेळ आहे कुणाला? म्हणून विंगेत सगुणभाऊ असतो.

सगुणभाऊ आमचा शेजारी. पेडण्याच्या बाजारात त्याचं शिंप्याचं दुकान, आणि चाळीस वर्षं तो गावच्या नाटकाचा प्रॉम्प्टर. हातात वही, नाकावर चष्मा, आणि चष्म्यावरून नटावर रोखलेली नजर. ती नजर ढळली की नट मेला! तो असा पुटपुटतो की नटाला स्वच्छ ऐकू येतं आणि पहिल्या रांगेला पत्ता लागत नाही.

म्हणजे, पहिल्या रांगेत आमची आई नसेल तर.

आई आता चौऱ्याऐंशीची आहे. डोळे अधू झालेत, कान मात्र घारीने हेवा करावा असे! (घारीचे कान कसे असतात मला ठाऊक नाही, पण आईपुढे काही नसावेत.) मी लहान असताना ती जत्रेत संध्याकाळीच जाऊन पुढे चटई अंथरायची. बाबा गावचे नावाजलेले नट. त्यांचं काम रंगलं की ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणायची, "बरां केलंस!" बस, दोन शब्द. बाबा तेवढ्यावर वर्षभर चालायचे. ते गेल्यावर त्यांची तलवार माझ्या कमरेला आली, आईची चटई होती तिथेच राहिली, पण ते दोन शब्द काही आले नाहीत. पहिल्या वर्षी मी राजा झालो तेव्हा ती भर प्रवेशात म्हणाली होती, "राजा झालंस खरो, पण चलतस मात्र फायल घेऊन साहेबाकडे गेल्यासारखो!" मांडव हसला. मीही हसल्यासारखं केलं. खरं सांगतो, जिव्हारी लागलं होतं.

तर गेल्या वर्षी गावात वेबसिरीजवाले आले. गावच्या किल्ल्याच्या बाजूला शूटिंग, गोष्ट खुनाची. त्यांना एक स्थानिक म्हातारा हवा होता. (मी बावन्न वर्षांचा आहे, पण ते असो.) काम एवढंच: इन्स्पेक्टर अंगणात उभा, मी त्याच्यासमोर येऊन सांगायचं, "त्या विहिरीकडे जाऊ नका साहेब. गेलेला माणूस परत आलेला मी पाहिला नाही. पुढे तुमची मर्जी." तीन वाक्यं! मनात म्हटलं, आता आई काय म्हणते बघू.

पहिल्याच खेपेला मी "त्या विहिरीकडे" म्हणालो आणि उजवीकडे कान देऊन थांबलो. उजवीकडे छत्री धरून उभी असलेली मुलगी होती. ती कशाला काही सांगेल!

"काका, थांबलात का?" दिग्दर्शकाने विचारलं.

"भाव आणत होतो," मी म्हणालो.

असे सहा वेळा भाव आणल्यावर शूटिंग बघायला आलेल्या बायकोने, सुषमाने, ओळखलं. तिने दुकानात फोन लावला. सगुणभाऊ कुणाचा तरी ब्लाउज अर्ध्या बाहीवर टाकून मोटारसायकलवरून आला. तीन वाक्यं त्याने टपोऱ्या अक्षरांत वहीत उतरवून घेतली आणि मागच्या दाराने घरात शिरून इन्स्पेक्टरच्या पाठीमागच्या जनेलाशी उभा राहिला. आमच्याकडे खिडकीला जनेल म्हणतात. पोर्तुगीज गेले, जनेल राहिलं. मी इन्स्पेक्टरकडे बघायचं आणि त्याच्या खांद्यावरून मला सगुणभाऊ दिसायचा. झकास!

मग मी असं बोललो म्हणता! शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, ही बाबांची शिकवण. झाडावरचे कावळे उडाले.

"काका, साहेब दोन हातांवर आहेत. हळू बोला."

"हळू बोललो तर मागच्यांना कसं कळणार?"

"मागे कोणी नाही, काका!"

शेवटी दिग्दर्शक कपाळाला हात लावून म्हणाला, "ठीक आहे." मग कॅमेरा माझ्या पाठीमागे नेला आणि तेच सगळं पुन्हा करवलं. आता साहेबांचा चेहरा घेतो म्हणाले. माझी काही हरकत नव्हती. मी बोलत होतो, सगुणभाऊ सांगत होता, इन्स्पेक्टर ऐकत होता. जनेलातला माणूस घरमालक असावा असं त्या लोकांना वाटलं, आणि घरमालकाला त्याच्याच घरातून कोण हाकलणार?

पुढचे पाच महिने मी कचेरीत, बाजारात, बसस्टँडवर, एवढंच काय, सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पदेरालाही माझ्या तीन वाक्यांबद्दल सांगितलं. सिरीज आली त्या रविवारी दुपारी, हुमण-भात जेवून, अख्खा वाडा आमच्या घरी. कदेलं, म्हणजे खुर्च्या, कमी पडली म्हणून शेजारून आणली. आईने मात्र कदेल नाकारलं. टीव्हीसमोर चटई अंथरली आणि म्हणाली, "आधी नारळ ठेव."

"आजी, हे नाटक नाही गं," आमची मुलगी मिताली म्हणाली. ती म्हापशाला कॉलेजात जाते, त्यामुळे तिला सगळं कळतं.

"बापूस काम करता मा? मगे नारळ व्होयो!"

टीव्हीपुढे नारळ ठेवला. मी गाऱ्हाणं घातलं. "आज ह्या घरातल्या लेकराने जी काय वेडीवाकडी सेवा केली, ती गोड मानून घे आणि मध्ये वीज घालवू नको, म्हाराजा!" वाडा ओरडला, "होय म्हाराजा!" फार दिवसांनी असं सगळ्यांनी मिळून काहीतरी बघायला बसणं झालं होतं. एरवी हल्ली जो तो आपला फोन घेऊन आपल्या कोपऱ्यात. मला बाबांच्या वेळची जत्रा आठवली.

मितालीने सुरुवातीची नावं पळवली.

"नांदी कित्याक काढलंस?" आई कडाडली. नांदी परत लावावी लागली.

मग सुरू झालं. आमच्या वाड्याला गप्प बसून बघायची सवय नाही. पडद्यावर बाई काळोख्या घरात शिरली.

"बत्ती पेटवूक काय झाला तिका?" आई.

"अहो, तिने भात चढवलाय आणि खाली गॅस बंद आहे!" सुषमा.

इन्स्पेक्टर आला तसा सगुणभाऊ पुढे वाकला. "खांद्यावर शिलाय चुकली हा. असलो युनिफॉर्म घालून खुनी गावात काय?"

एवढ्यात आईला पान थुंकायला जायचं होतं. मितालीने चित्र थांबवलं. आई परत आली तरी बाई तशीच तोंड उघडं टाकून उभी. आई अवाक! "नाटक असां थांबता? तुझ्या आज्याचां नाटक पावसात सुदिक थांबूक नाय!"

दोन भाग संपले. तिसऱ्या भागात अंगण दिसलं. "आलं, आलं!" सुषमा ओरडली. मी आईच्या चटईच्या कडेला जाऊन बसलो, म्हणजे दोन शब्द आले तर जवळून ऐकू यावेत.

पडद्यावर इन्स्पेक्टर. कुणीतरी खर्जात म्हणालं, "त्या विहिरीकडे जाऊ नका साहेब..."

"हा आवाज कुणाचा?" सुषमाने विचारलं.

माझा नव्हता! दुसऱ्याच कुणाचा तरी घातला होता. आणि मी? मी कुठेच नव्हतो. इन्स्पेक्टरच्या चेहऱ्यावरून कॅमेरा हलायला तयार नाही.

"पप्पा, हे उजव्या कडेला काय आहे?" मितालीने चित्र थांबवलं. मग जवळ जाऊन बोट ठेवलं. "कान!"

वाड्याने माना पुढे काढल्या. कान होता. डावा. माझाच, त्यावर लहानपणी काजूच्या झाडावरून पडल्याची खूण आहे.

"बरो आसा कान," एक शेजारी समजुतीने म्हणाला.

आणि तेवढ्यात चटईवरून पार पडद्याजवळ सरकलेली आई म्हणाली, "जनेलात कोण तो?"

इन्स्पेक्टरच्या खांद्यावर, गजांमागे, अर्ध्या अंधारात, चष्म्यावरून थेट आमच्याकडे रोखून बघणारा माणूस! डोळे हलत नाहीत, फक्त ओठ हलतायत. माझ्या अंगावर काटा आला, आणि मी त्याला लहानपणापासून ओळखतो.

"सगुण मा तो?" आई.

"सगुणभाऊ!" वाड्याने टाळ्यांचा पाऊस पाडला. सगुणभाऊ कदेलावर अंग चोरून बसला. आईने चित्र तीनदा मागे न्यायला लावलं, तीनदा बघितलं, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाली, "बरां केलंस रे, सगुणा!"

माझे दोन शब्द! माझ्या घरात, माझ्या टीव्हीवर, माझ्या नारळाच्या साक्षीने शेजाऱ्याला गेले. मी पाणी आणतो म्हणून आत गेलो आणि बराच वेळ पाणी आणलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मिताली फोन घेऊन आली. लोकांनी खाली प्रतिक्रिया लिहिल्या होत्या. "खिडकीतला म्हातारा मंत्र पुटपुटतोय, नीट बघा!" "खरा खुनी तोच!" "पोलिसांना कुणीतरी सांगा, मागे वळून बघा म्हणावं." एकाने लिहिलं होतं, "काय अभिनय! एक शब्द न बोलता सगळ्यांना खाऊन टाकलं." मी शोधून शोधून कानाविषयी काही आहे का बघितलं. एक होतं. "कडेला कुणाचा तरी कान येतोय, जरा लक्ष द्यायला हवं होतं."

कचेरीत साहेबांनी बोलावून बसायला सांगितलं. मला वाटलं, निदान ह्यांनी तरी... "तुमच्या शेजाऱ्यांबरोबर एक फोटो मिळेल का?" साहेब म्हणाले.

मग सिरीजवाल्यांचाच फोन आला. दुसऱ्या पर्वात त्यांना जनेलातला माणूस हवा होता. आणि ह्या वेळी त्याला एक वाक्य होतं!

त्या संध्याकाळी सगुणभाऊ आमच्याकडे आला. "माका जमाचा नाय. चाळीस वर्षां मी कधी मोठ्यान बोलूक नाय. तू ये."

"मी येऊन काय करू?"

"माका सांगूक कोण तरी होयो!"

खरं सांगू? आधी मी रागाने नाहीच म्हणालो. मग त्याच्याकडे बघितलं. तीस वर्षं ह्या माणसाने मला एकदाही तोंडघशी पडू दिलं नव्हतं, आणि मी त्याला कधी साधा पडद्यापुढे आणून नमस्कार करायला लावला नव्हता. लाज वाटली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेलो.

जनेलाच्या आत, त्याच्या पायाशी, भिंतीला टेकून मी उकिडवा बसलो. मांडीवर वही. वाक्य होतं: "मी वाट बघत होतो, यायला एवढा उशीर का केलात?" गंमत म्हणजे मला वही उघडावीच लागली नाही. रात्रभर त्याच्या काळजीने घोकून घोकून वाक्य पाठ झालं होतं. आयुष्यातलं पहिलं! मी पुटपुटलो, तो बोलला. एका फटक्यात झालं. दिग्दर्शकाने सगुणभाऊचे पाय धरले, तेव्हा त्याला खाली मी दिसलो. "काका, तुम्ही? पुन्हा?" एवढंच म्हणाला.

गेल्या महिन्यात दुसरं पर्व आलं. पुन्हा रविवार, पुन्हा नारळ, पुन्हा चटई. जनेल आलं. वाडा श्वास रोखून बसला. सगुणभाऊ जनेलातून बोलला आणि टाळ्या पडल्या. आईने मात्र हात वर केला.

"मागे घे गो. खालसून कोण सांगता?"

कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. मितालीने आवाज वाढवून तीनदा लावलं, तेव्हा सगुणभाऊच्या आवाजाआधी एक हलकीशी कुजबुज लागली. मी मान खाली घातली. "मी होतो, आई."

आई माझ्याकडे वळली. त्या अधू डोळ्यांनी तिने मला न्याहाळलं. तीस वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते येणार हे मला कळलं, आणि माझे डोळे भरले.

"बरां केलंस!" आई म्हणाली. सगळ्या वाड्याला ऐकू गेलं. मग माझ्या गुडघ्यावर थापटून म्हणाली, "आता असोच लपून रव."

राहिलोय. जत्रेची तलवार ह्या वर्षी दुसऱ्याला दिली आणि वही मी घेतली. पहिल्या पर्वाच्या तिसऱ्या भागात माझा डावा कान मात्र अजून आहे. वेळ झाला तर बघा, आणि खाली दोन बरे शब्द लिहा. मिताली ते आईला वाचून दाखवील.