घाटीच्या टोकाच्या टाकीकाकू

टाकीकाकू कुणाच्याही घरी गेल्या की आधी मागीलदारी जात. तिथली पाण्याची टाकी भरून वाहते आहे का ते बघत, आणि मगच ओटीवर येऊन "कसे आहात?" विचारत. लोक हसत. काकूंना मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. रत्नागिरीतल्या एका उभ्या घाटीच्या अगदी वरच्या टोकाला त्या भाड्याने राहत. नळाला पाणी यायचं सकाळी तासभर. खालच्या घरांच्या टाक्या भरून वाहत राहिल्या की तेवढ्या तासात वर काहीच पोचायचं नाही. काकू उतारावरच्या विहिरीवरून हंडे वाहायच्या. यजमान अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. त्यांची अंघोळ, रोजच्या चादरी. पाणी किती लागायचं ते काय सांगावं!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पाणीखात्यात नवा कारकून होतो. तेव्हा एक योजना निघाली: गळके नळ बदला, टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा बॉलकॉक बसवा, आणि निम्मा खर्च पाणीपट्टीतून वजा करून घ्या. पहिल्याच दिवशी काकू खिडकीशी हजर.

"काकू, सवलत घरमालकाला आहे," मी म्हटलं. "तुम्ही भाडेकरू."

"माझ्याकडे टाकीच नाही रे बाबा! खालच्या अकरा घरांचे अर्ज दे."

"मग ते लोक येतील ना."

"यायचे नाहीत. म्हणून तर मी आले."

महिन्याभरात दहा घरांचे अर्ज पावत्यांसकट माझ्या टेबलावर आले. एखाद्यावर सही राहिली असली तर काकू वाद घालत नसत. "कुठे हवी तिथे फुली मार," म्हणत आणि पुन्हा घाटी उतरत.

राहिले ते सगळ्यात खालच्या घरातले अण्णा. टाकी त्यांचीच सर्वांत मोठी. साहेबांनी पाहणीला पाठवलं म्हणून त्या दिवशी मीही काकूंबरोबर होतो.

"माझं पाणी वाया जात नाही," अण्णा झोपाळ्यावरून न उठता म्हणाले. "वाहून माडांना जातं. आणि सवलतीची मला गरज नाही."

"अण्णा, माडांना मोरीचं पाणी चालतं. आमच्या ह्यांना नाही चालत."

अण्णांनी झोपाळ्यावरूनच मागीलदाराकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "मोरी त्या बाजूला. तिथून माडांपर्यंत पाट कोण खणणार?"

"मी."

मला वाटलं, बोलण्याच्या भरात म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी यजमानांना शेजारणीवर सोपवून काकू पहार घेऊन अण्णांच्या आवारात उतरल्या. खाली सगळा जांभा दगड. दोन दिवसांत जेमतेम अर्धा पाट झाला आणि त्यांच्या तळव्यांना फोड आले. तिसऱ्या दिवशी अण्णांच्या पत्नी पदर खोचून बाहेर आल्या आणि माती ओढू लागल्या.

"अगो, तू कशाला?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही उठत नाही म्हणून."

अण्णा उठले. पाटाला हात लावला नाही, पण काकूंसमोर हात पुढे केला. "द्या तो कागद."

बॉलकॉक बसला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी मुद्दाम वर गेलो. काकूंचा नळ आधी नुसताच खोकला, मग गढूळ थुंकला आणि मग धार लागली. काकूंनी ना कुणाला हाक मारली, ना माझ्याकडे पाहिलं. एक बादली भरली, दुसरी लावली आणि आत गेल्या. त्यांचा आवाज तेवढा बाहेर आला: "अहो, आज डोक्यावरून अंघोळ."

पुढल्या वर्षी यजमान गेले. मुलगा लोटे गावच्या कारखान्यात लागला होता, त्याने आईला तिकडे नेलं. निघायच्या दिवशी काकू कार्यालयात आल्या. मी खुर्ची पुढे केली, पण एसटीची वेळ झाली होती.

"शेजारच्या घाटीत टोकाला एक बाळंतीण आहे," त्या म्हणाल्या. "तिच्याकडे पाणी चढत नाही. तिथे मी पोचलेच नाही बघ."

आणि उरलेले कोरे अर्ज माझ्या हातात देऊन गेल्या.

कार्यालय सुटल्यावर मी त्या घाटीत गेलो. पहिल्याच घराने मला दारातून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो.