तबेल्यातली सवत

माह्या बापाची पह्यली बायको मेली, मग त्या घरात माही माय आली. लग्नातच तिच्या गळ्यात मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक, तिची मूर्ती ठोकलेला पत्रा, बांधला. जेवायले बसली की पह्यला घास त्या टाकासाठी बाजूले काढे, मग स्वतः खाय. मले नेहमी म्हणे, "जित्या सवतीशी भांडता येते व बाई. मेलेली डोक्यावर बसते." मी हसत होती. माह्या नवऱ्याचं पह्यलंच लग्न, मले कायची आली सवत?

होती ना! तबेल्यात उभी होती. चार पायांची, दुधासारखी पांढरी, अन् माह्याहून देखणी.

राळेगावच्या बाजूले आमचा लग्नाच्या घोड्यांचा धंदा, सासऱ्यापासूनचा. नवरदेव मारोतीच्या पाया पडायले जातो, तो आमच्या घोड्यावर बसून. बाकीची जनावरं नुसती चालणारी, ही एकटी नाचणारी. आता जिकडेतिकडे डीजे झाला, पण डीजेवर ही बाई ढिम्म उभी राहे. हिले बँडच लागे. ढोलावर टिपरू पडलं की कान उभे, पुढचा पाय वर, अन् पोट्टे मोबाईल काढून सारे तिच्याच भोवती. पार ढाणकीपर्यंत तिले बोलावणं. नवरदेवाकडे कोणी पाहत नसे, तं घोडेवाल्याच्या बायकोकडे कोण पाह्यन?

हे सकाळी उठले की पह्यले तिच्याकडे. माह्या हातचा चहा थंड होऊन साय धरे. तिच्या आयाळीले खोबऱ्याचं तेल लावत, तेही माह्या बाटलीतलं! तिनं कान हलवला तर यायले, माह्या नवऱ्याले, तिच्या मनातलं समजे, मी ताट आपटलं तरी समजत नसे. तिले जरीची झूल शिवली, तिचा उरलेला तुकडा माह्याकडे आला अन् मी त्याचं ब्लाऊज शिवून घातलं. जळत होती मी. लपवून कायले ठेवू? साऱ्या मोहल्ल्याले माहीत होतं.

अन् ऐन लग्नसराईत तबेल्याले काय झालं, देव जाणे. एका सकाळी लाल घोड्यानं चन्याले तोंड लावलं नाही. मान खाली, अंगाले घाम. दुपारी आडवा झाला अन् गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारची घोडी, मग तिचं शिंगरू. जनावराच्या डॉक्टरनं रक्त घेतलं, चना पाह्यला, वैरणीचं कुटार हुंगलं, हौदातलं पाणी बाटलीत भरून नेलं. आम्ही साप शोधला, विंचू शोधला, कुटाराची गंजी सारी उपसली. काही नाही. डॉक्टर सरळ म्हणाला, "मले समजून नाही राह्यलं." लोकं तेवढंही कबूल करत नाहीत.

बायका म्हणाल्या, नजर लागली. म्हणताना एकदोघींनी माह्याकडे पाह्यलं. यायनं तबेल्याच्या दारावर काळी बाहुली टांगली, फाटकी चप्पल टांगली, कडूलिंबाच्या पाल्याचा धूर केला. तिसऱ्या दिवशी पांढरीनं चन्यावरून तोंड फिरवलं.

तुम्हाले वाटन, मी खुश झाली असन. अजिबात नाही. डोळ्यापुढे मायच्या गळ्यातला टाक आला. ही जिती राह्यली तर म्हातारी होईन, नाचणं सोडन, तोंडाचे दात पडतीन, यायचं मन कधी ना कधी तिच्यावरून उतरन. तेवढ्यावर तर मी संसार रेटून राह्यली होती. मेली तर मात्र कायमची पांढरी, कायमची नाचणारी. मग माहा नंबर कधीच लागत नाही.

पदर खोचला अन् तबेल्यात शिरली. ओल्या पोत्यानं तिचं अंग पुसलं, माशा हाकलल्या, गुळाचं पाणी ओंजळीनं पाजलं. तिच्या कानात म्हटलं, "बाई, मरू नको. तुह्यासाठी नाही सांगत, माह्यासाठी सांगते." ती माह्या ओंजळीतलं प्यायली. मग पाय मुडपून खाली बसली.

डॉक्टरनं सलाईन लावलं, सांगतलं, तिले पडून राहू द्या, दमवू नका. पण आमच्या धंद्यात एक बसलेलं आहे डोक्यात, बसली घोडी म्हणजे गेली घोडी. उभी झाली की वाचली. यायले तिले खाली बसलेलं पाह्यवेना. यायनं फोन लावून बँडवाले बोलावले. म्हणे, "वाजलं की उठतेच ती."

बँडवाले बिचारे धावत आले, अंगात घरचेच कपडे. तबेल्यापुढे उभे राहून वरातीची चाल धरली. पांढरीचे कान उभे झाले. थरथरत उठली, अन् पुढचा पाय उचलला. "उठली! उठली!" सारा मोहल्ला टाळ्या पिटून राह्यला होता. हे हसत होते अन् रडत होते. माहा हात तिच्या पोटावर होता. आत सारं थरथरून राह्यलं होतं, हाताले घामाची धार लागली होती.

मी ओरडली, "अजी, थांबवा! हे नाचणं नाही, सवय आहे तिची. बसू द्या तिले."

हे साऱ्यांपुढे म्हणाले, "तुले तिचं नाचणं कधी पाह्यवलं व?"

जन्मभर जळून बोलली ते यायनं हसण्यावारी नेलं. एकदा खरं बोलली, तं ते जळणं ठरलं. यायनं दुसरी चाल वाजवायले लावली. पांढरीनं परत पाय उचलला, अन् तशीच कोसळली. ढोल थांबला, पण मागच्या क्लॅरिनेटवाल्याले दिसलं नाही, तो वाजवतच राह्यला.

हे तिच्या मानेले मिठी मारून रडले. मी उभी राहून पाहत होती. मी मेली तर हा माणूस एवढा रडन काय, हेच माह्या मनात. दुसरं काही आलंच नाही, काय करू?

नमुन्यांचं उत्तर आलं, त्यातही कारण नाही. वरातीत तिच्या कपाळावर बांधत तो चांदीचा चांद यायनं चिंचेनं घासून लख्ख केला अन् देव्हाऱ्यात खंडोबाच्या बाजूले ठेवला. देव्हारा माह्या घरातला, हळदकुंकू माह्या हातचं.

माय आली तेव्हा तिनं तो चांद पाह्यला. तिचा हात आपोआप गळ्यातल्या टाकाकडे गेला. म्हणाली, "पह्यला घास देत जाय. नाहीतर रुसते."

तेव्हापासून जेवायच्या आधी मी चांदापुढे चनेगूळ ठेवते. परवा हे दारात उभे राहून पाहत होते. जवळ आले, माह्या डोक्यावर हात ठेवला. "लय केलं व तू तिचं," म्हणाले. लग्न झालं त्या दिवसापासून मी या हाताची वाट पाहत होती. आला, तोही तिच्यापायीच.