हेगबाईंनी सुधारलेलं वाक्य

इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड गावच्या शाळेत एनिड हेगबाईंनी आयुष्यभर इंग्रजी व्याकरण शिकवलं. कुठल्या क्रियापदानंतर 'टू' घालायचा आणि कुठल्यानंतर 'इंग' जोडायचं, हा त्यांचा हातखंडा धडा. 'वॉन्ट'नंतर टू, 'एन्जॉय'नंतर इंग. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "कारण तुझी आजी तसंच बोलायची. पाठ कर मुकाट्यानं!"

नवरा सिरिल लोकरीच्या गिरणीत विणकर. तो घरात बिनदिक्कत चुकीचं बोलायचा आणि बाई जेवता जेवता त्याला सुधारायच्या. "मास्तरीणबाई, बटाटे तरी शुद्ध उकडलेत ना?" असं म्हणून तो हसण्यावारी न्यायचा.

म्हातारपणी सिरिलला पक्षाघात झाला आणि त्याची वाचा गेली. इस्पितळात बोलायला शिकवणाऱ्या मुलीनं बाईंना बजावलं, "ते जे बोलतील ते गोड मानून घ्या. चुका काढू नका." बाईंनी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

एका दुपारी सिरिलनं मोठ्या कष्टानं शब्द जुळवले, "वॉन्ट... गोइंग... होम." घरी जायचं होतं बिचाऱ्याला. पण बाईंची जन्माची खोड बोलून गेली. "वॉन्ट टू गो, सिरिल. म्हण बरं पुन्हा!"

त्यानं ओठ हलवले, शब्द फुटेना. तो कानापर्यंत लाल झाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

त्यानंतर बाई आल्या की तो गप्पच. रुसलाय, असं बाईंनी धरलं. त्यांच्याकडे रुसव्याविषयी बोलायची रीत नाही. चहा करायचा आणि राग उतरायची वाट पाहायची. 'माझं चुकलं' म्हणणं म्हणजे चारचौघांत कपडे उतरवण्यासारखं. बाई रोज यायच्या, त्याला चहा पाजायच्या आणि विणत बसायच्या. 'चुकलं रे' हे शब्द अगदी ओठांवर यायचे. घरी नेल्यावर सांगू, असं त्या ठरवायच्या. ईस्टरनंतर त्याला घरी सोडणार होते. त्याची खाटही त्यांनी खालच्या खोलीत आणून ठेवली होती.

ईस्टरच्या आधीच सिरिल गेला.

दफनानंतर घरी चहा आणि हॅमची सँडविचेस होती. वॉर्डातली नर्स ब्रायडीही आली होती.

"फार गोड माणूस हो," ती म्हणाली. "दिवसभर आपलं 'टू गो, टू गो' घोकायचे. तुमची यायची वेळ झाली की चिडीचूप! मी म्हणायचे, अहो, बायकोला म्हणून दाखवा की. तर मान हलवून म्हणायचे, 'बरोबर... नाही... अजून.'"

बाईंनी हातातली बशी खाली ठेवली. "म्हणजे तो माझ्यावर रागावला नव्हता?"

"रागावतील कशाला? तुम्ही शेजारी बसलात की नुसते टक लावून बघत राहायचे तुमच्याकडे. पाहिलं नाहीत?"

बाईंनी पाहिलं नव्हतं. रुसलेल्या माणसाला अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून त्यांनी विणकामावरून डोळेच वर उचलले नव्हते.