शांत की गप्प

माहेरी आलेली माझी लेक सुमन कॉम्प्युटरवर काम करत होती. त्याला हुकूम देताना पुढे कोणता शब्द जोडला की काय होतं, ते ती मराठीत लिहीत होती.

"आई, हा शब्द जोडला की तो शांत राहतो. काम करतो, पण पडद्यावर काही बोलत नाही."

मला ते पटेना. "आणि काही बिघडलं तर?"

"तरी बोलत नाही."

"मग शांत काय म्हणतेस? गप्प म्हण."

"आता तूच माझी साहेब हो!" ती हसली, पण शब्द बदलला.

शांत माणसाला सांगायचं काही नसतं. गप्प माणसाला असतं.

सासरचं विचारलं की सुमन नुसतं "बरंय" म्हणते. आल्यापासून मी तिला शांत समजत होते.