दादाची हिंदी गेली तेव्हा

भाच्याचा फोन आला, "आत्या, बाबा गेले," तेव्हा मी भाजी निवडत होते. ती तशीच टाकली आणि सदरमधल्या माझ्या घरून ऑटो करून निघाले. नर्मदेकाठी ग्वारीघाटाच्या स्मशानात जो तो मला एकच सांगत होता, "सुटले हो तुमचे दादा." एरवी या शब्दाची मला भारी चीड. काहून सुटले, तुरुंगात होते का? पण त्या दिवशी राग आला नाही, आणि काहून नाही आला तेच सांगायला हे लिहून राहिले.

दादा कॉलेजात शिकवायचा. पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी त्याने दोन पुस्तकं लिहिली, एक प्रबंधकीय अर्थशास्त्राचं, म्हणजे व्यवस्थापनाच्या पोरांना लागतं ते, दुसरं सूचना प्रौद्योगिकीचं, म्हणजे कम्प्युटरचं. दोन्ही हिंदीत. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, जबलपुरात आम्हा मराठी लोकांचं हे असंच. पहिलं पुस्तक सुखानं नांदलं. दुसऱ्यानं मात्र त्याचा जीव खाल्ला. फ्लॉपीचा धडा छापून येतो न येतो तोच सीडी आली, सीडीचा लिहिला तर पेनड्राइव्ह. "मागणी-पुरवठा बिचारे जागेवर उभे राहतात ग," तो म्हणायचा, "हे कम्प्युटर काहून पळून राहिले?"

मग लकव्याचा झटका आला, आणि मी रोज त्याच्याकडे जाऊ लागले. कितीतरी दिवस वाचा बंद. परत आली ती फक्त मराठी. हिंदी समूळ गेली, बोलायचीही आणि समजायचीही. डॉक्टर विचारत, "कैसे हैं, सर?" आणि हा माझ्याकडे बघे. जुने विद्यार्थी येत, पाया पडत, त्याच्याच पुस्तकातल्या व्याख्या त्याला म्हणून दाखवत. हा आपला भिंतीकडे बघत बसे. पोरं डोळे पुसत जिना उतरत. मला वाटे, आत सगळं शाबूत असेल आणि बाहेर यायला दारच नसेल तर... या एका विचारानं मी रात्र रात्र जागी असे.

त्याची नात रेवा तेव्हा नुकतीच बीबीएला लागली होती. नेमलेलं पुस्तक आजोबांचंच. तिला मराठी समजते, बोलायला लाजते. एक दिवस पुस्तक घेऊन खोलीत आली, "आजोबा, ये माँग की लोच क्या होती है?" दादा माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "बाई, मराठीत विचार, मोडकं चालेल." तिनं जुळवाजुळव केली, "आजोबा, भाव वाढला तर लोक घेणं सोडतात. कधी कधी नाही सोडत. असं काहून?"

दादा तिच्याकडे वळला. "जिलबी महागली तर?"

"नाही खाणार."

"मीठ?"

"मीठ तो लागेलच ना."

"बस. हीच... मागणीची लवचिकता."

रेवा हसली, मीही हसले. किती दिवसांनी मला नीट श्वास घेता आला.

मग रोज दुपारी वर्ग भरू लागला. ती हिंदी वाचायची, मोडक्यातोडक्या मराठीत त्याला सांगायची, आणि तो तुकड्यातुकड्यानं समजवायचा. एकदा पान उलटून त्यानं विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

"तुम्हीच, आजोबा."

त्यानं ते पान पुन्हा उलटलं. "काहून एवढं कठीण लिहिलं?"

जाण्याच्या थोडे दिवस आधी मी मनाचा हिय्या करून विचारलंच, "दादा, हिंदी गेली त्याचं वाईट वाटतं का रे?" शब्द गोळा करत तो म्हणाला, "आधी मराठीत विचार करा... मग हिंदीत लिहा... जन्मभर तेच. आता अर्धं काम कमी झालं." एवढं बोलून त्यानं चहा मागितला. मी स्वयंपाकघरात गेले आणि चहाचं आधण उकळेपर्यंत पोटभर रडले. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता. मी ज्याला कोंडवाडा समजत होते, तिथे हा माणूस निवांत बसलेला होता.

परवा दादाच्या घरी गेले तर रेवा त्याच्या खोलीत, त्याच्या खुर्चीत, पाय वर घेऊन बसलेली. परीक्षा जवळ आलीय. मी दारातच थबकले.

"ये ना आत्याआजी, बस," ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. "हिंदीतून समजून नाही राहिलं, म्हणून आधी मराठीत करून राहिले."