नेऱ्याच्या मावशींचा राब आणि माझ्या कांड्या

दोन देशांनी मिळून शेतातल्या टाकाऊ मालापासून इंधन करायचं ठरवलं, आणि त्यातला आपला देश, निदान पनवेलपुरता, माझ्या गळ्यात पडला. अर्जात 'शेतीचा अनुभव' असा रकाना होता. मी बेधडक 'आहे' लिहिलं. गॅलरीत कढीपत्त्याचं एक रोप जगवलं होतं, तेही शेजारणीच्या देखरेखीखाली.

यंत्र परदेशातून आलं आणि पनवेलजवळच्या नेरे गावात बसलं. एका तोंडाने सुका पाला नि पेंढा घालायचा, दुसऱ्या तोंडाने दाबलेल्या कांड्या काढायच्या आणि कारखान्याच्या भट्टीत कोळशाऐवजी जाळायच्या. शेतात मात्र कुणी काही जाळायचं नाही, ही कराराची पहिलीच अट. प्रकल्पाच्या तिकडच्या बाई दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर विचारायच्या, "टाकाऊ माल किती पडून आहे?" मी म्हणायचो, "भरपूर!" खरं तर नेऱ्यातला पेंढा म्हशी खात होत्या, तूस वीटभट्टीवाले नेत होते आणि गावात पडून असा मी एकटाच होतो.

मे महिन्यात त्या बाई स्वतःच यंत्र बघायला येणार असं कळलं. मी माल शोधत हिंडलो. आदल्या दिवशी रस्त्यालगतच्या एका वाफ्यावर पाला, गवत नि वाळलेलं शेण असं थरावर थर रचलेलं दिसलं. इतकं नीट रचलेलं पाहून कुणालाही वाटलं असतं की कोणीतरी मेहनत घेतलीय. मला वाटलं, देव पावला. टेम्पो भरला.

दुसऱ्या दिवशी यंत्रातून पहिली कांडी पडली, बाईंनी टाळ्या वाजवल्या, तेवढ्यात एक म्हाताऱ्या मावशी कोयता घेऊन आल्या.

"माजा राब कुनी नेला?"

यंत्राच्या ऑपरेटरने लगेच माझ्याकडे बोट दाखवलं.

"दादा, तुमी शिकलेले ना? भाताचं रोप कशात करतात ठाव हाय?"

"मातीत," मी म्हटलं.

"मातीत! अरं, आदी राब भाजतात, मग त्या राखेत बी पेरतात. दोन महिनं पाला वेचलाय मी डोंगरावरनं. आता पाऊस आला तर तुज्या डोक्यावर पेरू?"

"त्या काय म्हणतायत?" बाईंनी विचारलं.

"प्रकल्पाबद्दल उत्सुक आहेत," मी म्हटलं. आयुष्यात इतकं निलाजरं भाषांतर मी केलेलं नाही. बाईंनी मावशींसोबत फोटो काढून घेतला. कोयता फोटोत आलाय.

बाई परत गेल्यावर मावशींना भरपाई म्हणून मी पनवेलच्या सोसायट्यांमधून पाला गोळा केला. मावशींनी पहिलंच पोतं उपडं केलं. त्यातून वेफर्सची पाकिटं, एक चप्पल आणि कुणाच्यातरी वाढदिवसाचे फुगे निघाले. "हे भाजून काय उगवंल? दुकान?"

मी तिकडे खरं कळवलं. राब म्हणजे काय, आमच्याकडे तो टाकाऊ का नाही, सगळं लिहिलं. उत्तर आलं की फॉर्ममध्ये दोनच पर्याय आहेत, 'टाकाऊ' किंवा 'जाळला', कृपया एक निवडा. मी फोन केला, पुन्हा मेल केली, डोकं आपटून घेतलं. शेवटी त्यांनीच निवडून टाकलं: 'नेरे, एका शेतातलं जाळणं थांबवण्यात यश.' ते यश माझ्या नावावर आहे.

इकडे आभाळ भरून यायला लागलं होतं. मावशींच्या राबाच्या कांड्या पोत्यांत भरून परदेशी प्रयोगशाळेला नमुना म्हणून जायच्या होत्या. कुरिअरवाला येण्याआधी मी ती पोती टेम्पोत घातली आणि मावशींच्या वाफ्यावर नेऊन ओतली.

"ह्यो माजा पाला?" त्यांनी एक कांडी उचलून पाहिली. "काय हाल केलंस रं त्याचं!"

दोघांनी लाकडी दांडक्याने कांड्या फोडल्या. शेजारच्या गोठ्यातून शेण मागून आणायचं काम मला मिळालं, टोपली डोक्यावर घेऊन. वर मातीचा पातळ थर पसरून मावशींनी कडेने काडी लावली. धूर सरळ माझ्या तोंडावर.

प्रयोगशाळेची मेल चौथ्या दिवशी आली, नमुना कुठे आहे? मी लिहिलं, मूळ मालकिणीला परत केला, तिने तो शेतात जाळला. तेव्हापासून व्हिडिओ कॉल बंद आहेत.

राब अर्ध्याच वाफ्याला पुरला. त्या अर्ध्यात रोपं हिरवीगार आली. उरलेल्या अर्ध्यात तणाचं बी भाजलंच गेलं नाही, त्यामुळे रोपांपेक्षा तण जास्त आहे, आणि ते उपटायला मावशी मला रोज सकाळी फोन करून बोलावतात.