डाव्या पायातली चप्पल

सांगलीच्या एसटी स्टँडवर दादाच्या डाव्या पायातली चप्पल मागं राहिली आणि त्याला कळलंच नाही. पंधरा-वीस पावलं तो तसाच चालत गेला. मी चप्पल उचलून मागून धावले. त्यानं आधी माझ्या हाताकडं पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडं. हसला नाही.

माझा थोरला भाऊ तेव्हा जिल्ह्याचा चॅम्पियन पैलवान होता. महिनाभर त्याच्या हातातून चहाचा कप सुटत होता, शर्टाची बटणं लागत नव्हती. त्यानं घरी कुणाला सांगितलं नव्हतं. मला सोबत नेलं ते इंग्रजी रिपोर्ट वाचायला, कारण घरातली पहिली पदवीधर मी. दहावीनंतर माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, तेव्हा "तिला साताऱ्याला कॉलेजात घाला, न्हाईतर मी तालमीत पाय ठेवत न्हाई," असं आबांना, आमच्या वडिलांना, ठणकावणारा हाच.

रिपोर्टमधलं सगळं मला समजलं नाही. पण डॉक्टरांनी आम्हा दोघांना साध्या मराठीत सांगितलं होतं. मानेत मज्जारज्जू दबलाय, ऑपरेशन लवकर करा. आता मानेवर पडलात, तर गळ्याखालचं सगळं शरीर कायमचं जाऊ शकतं.

बसमध्ये दादा म्हणाला, "घरी शीर आखडलीय म्हणून सांग."

"आणि जत्रंतली कुस्ती?"

"ती झाली की ऑपरेशन. आबांनी शब्द दिलाय, गावभर फ्लेक्स लागल्यात. तू गप ऱ्हायचं. माझी शपथ हाय तुला."

जत्रेला आठ दिवस होते. मी गप्प राहिले. दादा रोज पहाटे तालमीत जाई, आणि परतताना अंगणात त्याच्या चपलांचा आवाज मी कान देऊन ऐके. उजवी वाजायची, डावी घासत यायची. पारावरची माणसं थट्टा करत.

"काय रं पैलवान, मान लय ताठ ठेवतोस? आत्ताच जिंकल्यागत!"

"ताठच बरी हाय, आण्णा," दादा म्हणे.

जत्रेच्या दिवशी सकाळी आबा आरशासमोर फेटा बांधत होते. ते फौजेतून निवृत्त झालेले. दिलेला शब्द त्यांनी कधी फिरवलेला मी पाहिला नव्हता. मी रिपोर्ट त्यांच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

"त्याला ठावं हाय?"

"हाय."

"आन तुला कवापासनं?"

"आठ दिवस झालं, आबा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. उरलेला फेटा बांधला आणि बाहेर पडले.

आमच्याकडं बायका कुस्त्यांच्या फडात जात नाहीत. आई आणि मी उंबऱ्यात बसलो होतो. उसावरून लाऊडस्पीकरचा आवाज येत होता. पहिल्या नंबरची, निकाली कुस्ती. दादाचं नाव पुकारलं. हलगी चढत गेली आणि एकदम थांबली. कुस्ती सुटेपर्यंत हलगी थांबत नाही.

"झाली बी? लवकर पाडलं वाटतं माझ्या लेकानं," आई म्हणाली.

मग स्पीकरवर आबांचा आवाज आला.

"माझ्या पोराच्या मानंला दुखापत हाय. तो आज उतरणार न्हाई. शब्द मी दिलता, मीच मोडतो. कुणाला काय बोलायचं ते मला बोला."

शिट्ट्या, आरोळ्या उठल्या. आई माझ्याकडं बघत राहिली.

ऑपरेशन झालं. दादा तीन महिने माझ्याशी बोलला नाही. दवाखान्यात मी भरवलेला घास घ्यायचा, पण भिंतीकडं बघून. हातात ताकद आली, डावा पाय मात्र पुरता परतला नाही. एक दिवस तोच म्हणाला, "तो कागद काढ. सगळा वाच."

मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगितली. त्यानं मन लावून ऐकलं.

"मग आठ दिवस का गप ऱ्हायलीस?"

त्याच आठ दिवसांत पाय गेला का, हे मी नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येणार नाही.

आता दादा तालमीत खुर्चीवर बसून पोरांना डाव शिकवतो. कुणी मान दुखते म्हणालं की त्याला त्या दिवशी मातीत उतरू देत नाही. आईनं त्याच्या चपलेला टाचेमागं इलॅस्टिक शिवून दिलंय. तरीही संध्याकाळी तो अंगणात आला की मी हातातलं काम थांबवते आणि दुसरी चप्पल वाजायची वाट बघते.